माथेरानचा रस्ता कोणाच्या ताब्यात? एका छोट्या नगरपरिषदेचे प्रकरण

6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष ठरवली. स्वातंत्र्याला 78 वर्षे होऊनही ती चालू असावी, याबद्दल खेद व्यक्त केला. बातमी सगळीकडे छापून आली, अभिनंदन झाले आणि विषय मागे पडला.

मला त्या निकालाच्या मागे जायचे आहे. 2011 च्या जनगणनेत जेमतेम 4,400 लोकसंख्या असलेले हे गाव. त्याच्या मुख्य रस्त्यावर कोणते वाहन चालावे आणि रस्त्यावर कसली फरशी बसवावी, हे ठरवायला देशाचे सर्वोच्च न्यायालय का लागले? गावाला नगरपालिका आहे आणि तीही शंभर वर्षांहून जुनी. रस्ते बांधणे आणि सांभाळणे हे नगरपालिकेचे काम आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पालिकांच्या 18 विषयांमध्ये रस्ते स्पष्ट लिहिलेले आहेत. तरीही या रस्त्याचा निर्णय नगरपरिषदेच्या सभागृहात झाला नाही. माझ्या मते या प्रकरणाचे मर्म इथेच आहे.

आधी रस्ता समजून घेऊ. नेरळहून घाट चढून आलेली टॅक्सी किंवा खासगी गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते. तिथून पुढे मोटारीला बंदी. बाजारपेठ इथून अडीच-तीन किलोमीटरवर, लाल मातीच्या चढउताराच्या वाटेने. पायी जा, घोड्यावर बसा, हमालाच्या डोक्यावर सामान द्या किंवा, निकालापर्यंत तरी, हातरिक्षा करा. नाक्यापासून थोड्या अंतरावरच्या अमन लॉज स्थानकावरून 2012 पासून रेल्वेची शटल गाडी सुटते. तिची वेळ आणि जागा मिळाली तर ठीक. पर्यटकाला या वाटेची गंमत वाटते. गावकऱ्याला ती रोजची आहे. गॅसची टाकी, सिमेंटची गोणी, भाजी, औषध, शाळेचे दप्तर, सारे याच वाटेने येते-जाते. आजारी माणसाला खाली नेणारी मोटार म्हणजे फक्त रुग्णवाहिका. पावसाळ्यात इथे धो धो कोसळते, जांभ्याची माती वाहून जाते आणि वाट घसरडी होते. उन्हाळ्यात त्याच मातीची आणि घोड्यांच्या लिदीची धूळ नाकातोंडात जाते.

हातरिक्षा एकट्याला ओढवत नाही. एक जण पुढून ओढतो, एक-दोघे मागून ढकलतात, आणि उतारावर तेच दोघे-तिघे तिला मागे रेटून धरतात. परवाना असलेल्या अशा 94 हातरिक्षा होत्या. म्हणजे त्यांच्यावर जगणारी माणसे याच्या दुपटी-तिपटीने. खोकला, गुडघे, पाठ अशी दुखणी या कामाला लागूनच येतात. पन्नाशीला पोचलेल्या माणसाने चढावर दोन प्रवाशांचे वजन ओढायचे, आणि ते बंद करा म्हटले तर घरी चूल कशी पेटवायची, हा त्याचा प्रश्न. म्हणून या प्रथेविरुद्ध आवाज उठवणारे बाहेरचे समाजसुधारक नव्हते. रिक्षाचालकांची संघटनाच पुढे झाली. एका निवृत्त शिक्षकाने तिच्यासाठी वर्षानुवर्षे सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. त्यांची मागणी साधी होती: रिक्षा आमचीच राहू द्या, फक्त तिला बॅटरी लावू द्या.

एवढ्या साध्या मागणीला इतकी वर्षे का लागली, ते कळण्यासाठी गावाच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

मे 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूने हा डोंगर चढून आले. त्यांना जागा आवडली, त्यांनी घर बांधले. पाठोपाठ मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले, आणि सुमारे 2,600 फूट उंचीवरचे हे जंगल मुंबईतल्या साहेबांचे, पारशी-बोहरी व्यापाऱ्यांचे उन्हाळी ठिकाण झाले. डोंगरावर ठाकूर, कातकरी, धनगर आधीपासून वावरत होते. ‘माथेरान सापडले’ असे आपण अजूनही लिहितो तेव्हा ही माणसे हिशेबातून गळतात. बाकी गाव वसले ते सरकारी प्लॉटांवर, भाडेपट्ट्याने. कारभार पाहायला सरकारने अधीक्षक नेमला. म्हणजे इथे आधी सरकार आले, मग बंगले, मग बंगल्यांना लागणारे हमाल, घोडेवाले, दुकानदार, आणि नगरपालिका सर्वांत शेवटी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. देशावरच्या एखाद्या कसब्यात पेठ, वेस, देवळे, पांढरी-काळी (वस्तीची आणि शेतीची जमीन) अशी स्वतःची घडण असते. गावाने आपले आपण ठरवण्याची थोडीफार सवय त्यात मुरलेली असते. माथेरानला ती सवय लावायला वेळच मिळाला नाही. जमीन सरकारची, झाडे वनखात्याची.

रेल्वेचेही तसेच. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सुमारे 16 लाख रुपये घालून नेरळपासून वर दोन फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी आणली. ती 1907 मध्ये सुरू झाली आणि गावाचा कायापालट झाला. गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारा सर्वांत मोठा धागा हा. पुढे तो रेल्वे खात्याच्या हाती गेला. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत रूळ वाहून गेले आणि गाडी दीर्घकाळ बंद पडली. 2016 मध्ये डबे घसरले, पुन्हा बंद. 2019 च्या पावसात पुन्हा नुकसान, आणि नेरळपासूनची गाडी धावू लागली ती थेट ऑक्टोबर 2022 मध्ये. दर वेळी गाडी कधी सुरू होणार हे गावाने वर्तमानपत्रातून वाचले. आणि दर वेळी दस्तुरी ते बाजार या वाटेवरचा, म्हणजे रिक्षा ओढणाऱ्यांवरचा आणि घोड्यांवरचा भार वाढला.

याच गावाने एक वेगळा माणूस दिला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे हुतात्मा भाई कोतवाल, 1 डिसेंबर 1912 ला इथल्या एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मले. शिकून वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले. सावकाराच्या दारी जाणाऱ्या आदिवासी शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, शाळा चालवल्या. 1942 च्या लढ्यात ‘आझाद दस्ता’ उभारून त्यांनी विजेचे मनोरे पाडले, आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह ते पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्यांचे स्मरण आपण क्रांतिकारक म्हणून करतो, आणि ते योग्यच. पण मला त्यांचे पालिकेतले दिवसही महत्त्वाचे वाटतात. बंगलेवाल्यांच्या गावात न्हाव्याचा मुलगा सभागृहात बसतो आणि पायथ्याच्या माणसांच्या पोटाचा विचार करतो, हे छोट्या पालिकेने काय करायचे असते याचे गावातलेच उदाहरण आहे. अधिकार तेव्हाही फारसे नव्हते.

आता मोटारबंदीकडे. माथेरानची ओळखच ती. 4 फेब्रुवारी 2003 रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने माथेरान आणि भोवतालचा सुमारे 215 चौरस किलोमीटरचा प्रदेश पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. डोंगरावरचे हॉटेलांचे वाढते बांधकाम आणि पायथ्याशी वाढणारी शहरे पाहता तो निर्णय आवश्यकच होता. तो झाला नसता तर पनवेल-नेरळच्या बाजूने इमारती किती वर चढल्या असत्या, याची कल्पना पायथ्याकडे एक नजर टाकली की येते. अधिसूचनेवर देखरेखीसाठी सनियंत्रण समिती आली. वाहनबंदीला कायद्याचे कवच मिळाले.

पण अधिसूचना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर धूर सोडणारी मोटार होती. हातरिक्षा त्यांना पर्यावरणस्नेही वाटली असणार, कारण माणूस धूर सोडत नाही. झाड तोडायला परवानगी लागते, बांधकामाला परवानगी लागते. माणसाने माणसाला ओढायला मात्र कसलाच अडथळा नव्हता. विजेवर चालणारी तीनचाकी आली तेव्हा तीसुद्धा ‘वाहन’ म्हणून अडली. तिच्या परवानगीचा अधिकार ना नगरपरिषदेकडे, ना जिल्हाधिकाऱ्यांकडे. म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

12 मे 2022 रोजी न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना मुभा दिली. डिसेंबर 2022 मध्ये मोजक्या सात रिक्षा तीन महिन्यांसाठी रस्त्यावर आल्या. प्रवाशाला 35 रुपये, विद्यार्थ्याला 5 रुपये. गावाला त्या तीन महिन्यांत काय मिळाले ते या 5 रुपयांत आहे. रोज कित्येक किलोमीटर पायपीट करणारी मुले बसून शाळेत गेली, म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात जाणे जमले. मुदत संपताच रिक्षा थांबल्या आणि मुले पुन्हा चालू लागली.

विरोध कुणाचा होता? घोडेवाल्यांचा होता, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. गावात साडेचारशेहून जास्त घोडे. घोड्याला पाऊस असो, पर्यटक असो-नसो, रोज खायला लागते. 35 रुपयांत बाजारात पोचणारा प्रवासी घोड्यावर कशाला बसेल, ही त्यांची भीती. पर्यावरणवाद्यांची भीती वेगळी: आज वीस रिक्षा, उद्या दोनशे, परवा मोटारी. ही भीतीही पोकळ नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्या थंड हवेच्या ठिकाणी पहिली सवलत शेवटची ठरली आहे? हॉटेलवाल्यांना पाहुणा लवकर आणि आरामात आलेला हवा. हमालांना वाटे, रिक्षा सामानही नेईल. आणि गावातल्या सर्वसाधारण कुटुंबाला, ज्याचा पर्यटनाशी थेट संबंध नाही, त्याला फक्त घरी पोचायचे होते. पाच तोंडांचे हे गाव. या पाच जणांना एका खोलीत बसवून, कुणाचे किती नुकसान आणि कुणाचा किती फायदा याचा हिशेब मांडणे हे स्थानिक स्वराज्य संस्थेचे मूळ काम. तेच झाले नाही.

का झाले नाही? एकट्या दस्तुरी नाक्याकडे पाहिले तरी उत्तर मिळते. वाहनतळ वनखात्याच्या जागेत. प्रवासी कर नगरपरिषदेचा. शटल रेल्वेची. बंदोबस्त पोलिसांचा. संवेदनशील क्षेत्राची समिती वेगळी. नाक्यावर उतरलेल्या कुटुंबाला कुणी सांगतो, पुढे गाडी नाही, घोडाच करावा लागेल. खरे-खोटे सांगायला तिथे जबाबदार माणूस नाही. मार्च 2025 मध्ये पर्यटकांच्या याच फसवणुकीला कंटाळून गावाने बेमुदत बंद पुकारला. दुकाने, हॉटेले बंद झाली, आणि प्रशासनाच्या आश्वासनावर बंद मागे घेतला गेला. पर्यटनावर जगणाऱ्या गावाने स्वतःची दुकाने बंद करून दाद मागावी लागणे, याहून स्पष्ट पुरावा मला नको.

त्यात आणखी एक गोष्ट घडली. राज्यभरातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षे रखडल्या. माथेरानच्या सभागृहाची मुदतही संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. ई-रिक्षा कुणाला द्यायच्या, रस्त्यावर काय टाकायचे, हे प्रश्न न्यायालयात ऐकले जात होते तेव्हा गावाच्या वतीने बोलायला निवडून आलेला एकही नगरसेवक पदावर नव्हता. प्रशासक कितीही कर्तबगार असो, त्याच्याकडे घोडेवाला मत मागायला येत नाही आणि तो घोडेवाल्याच्या दारी जात नाही. समझोता घडवण्याचे बळ त्याच्या खुर्चीत नसते.

फरशीची गोष्ट याच धाग्यात येते. माती वाहून जाते म्हणून मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्याचे काम निघाले. पैसा आणि आराखडा मुंबईहून, महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून. घोडेवाले म्हणाले, नाल मारलेला घोडा गुळगुळीत ठोकळ्यावर घसरतो. पर्यावरणवाले म्हणाले, ठोकळ्याखाली काँक्रीट घातले तर पाणी मुरणार कुठे, आणि असा रस्ता झाला की मोटारी येणारच. फेब्रुवारी 2023 मध्ये न्यायालयाने काम थांबवले. मग आयआयटी मुंबईचे मत मागवले गेले, भाजलेल्या मातीचे ठोकळे हा पर्याय पुढे आला. तज्ज्ञांचे मत लागतेच. पण जांभ्याची माती कुठल्या वळणावर किती धुपते आणि घोडा कुठे घसरतो, हे ज्यांना रोजच्या पायाखालचे माहीत आहे त्यांची सुनावणी आधी गावात व्हायला हवी होती.

ऑगस्ट 2025 च्या निकालाने हे दोन्ही गुंते सोडवले. दस्तुरी नाका ते छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा एवढ्याच टप्प्यात ठोकळे बसवायचे. आतल्या वाटांवर, जंगलातल्या पायवाटांवर नाही. ही मर्यादा मला सर्वांत शहाणपणाची वाटते. मुख्य वाट माणसांसाठी पक्की होते आणि बाकी डोंगर मातीचाच राहतो.

हातरिक्षांबाबत न्यायालय बंदीवर थांबले नाही. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे पंजाबातल्या सायकलरिक्षा चालकांचे असेच प्रकरण आले होते. परवाना फक्त मालक-चालकालाच, असा तिथला कायदा होता, आणि दुसऱ्याची रिक्षा भाड्याने ओढणाऱ्या गरिबाकडे स्वतःची घ्यायला पैसे नव्हते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हा बँकेच्या कर्जातून रिक्षा चालकाच्या मालकीची होईल अशी वाट काढली. माथेरानच्या निकालात या जुन्या प्रकरणाची आठवण 45 वर्षांनी निघाली. गुजरातेत केवडियाला आदिवासी स्त्रिया ई-रिक्षा चालवतात. त्या धर्तीवर राज्य सरकारने रिक्षा विकत घेऊन हातरिक्षा ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, खरे चालक कोण ते सनियंत्रण समितीने ठरवावे, आणि उरलेल्या रिक्षा आदिवासी स्त्रिया व इतर गरजूंना द्याव्यात, असे आदेशात आहे. एप्रिल 2024 मध्ये रिक्षांची संख्या वीसवर मर्यादित केली होती. त्या वीस खऱ्या चालकांनाच मिळाल्या का, हाही वाद न्यायालयापुढे आला होता. म्हणून ‘खरे चालक’ हा शब्दप्रयोग निकालात नुसत्या शोभेसाठी आलेला नाही.

या निकालाचे मी मनापासून स्वागत करतो. प्रतिष्ठेचा प्रश्न बहुमताने सुटत नाही. गावातल्या पाच बाजूंना एकमत होईपर्यंत थांबलो असतो तर हातरिक्षा आणखी वीस वर्षे चालली असती. पण निकालाने ‘काय’ ते ठरवले. ‘कसे’ ते रोजच्या कारभारात ठरायचे आहे, आणि ते दिल्लीहून ठरणे शक्य नाही. रिक्षा चार्ज कुठे होणार? पावसाळ्यात बॅटरी भिजली तर दुरुस्ती कुणाची? शाळेच्या वेळेत किती रिक्षा मुलांसाठी राखून ठेवायच्या आणि शनिवार-रविवारच्या गर्दीत त्या पर्यटकांकडे वळल्या तर कुणी अडवायचे? रात्री दहा वाजता बाळंतिणीला दस्तुरीपर्यंत न्यायला कोणती रिक्षा हजर असेल?

आणि घोडे. त्यांच्याबद्दल सगळेच गप्प आहेत. त्यांचे उत्पन्न घटले तर काही घोडे उपाशी राहतील, काही विकले जातील. नगरपरिषदेने नाक्यावर घोड्यांचे दरपत्रक लावावे. डोंगरावरच्या ठिकाणांची फेरी घोड्यांनी करावी आणि नाका ते बाजार ही ने-आण रिक्षांनी, अशी उघड वाटणी करता येईल. पॉइंट पाहायला घोडा आणि घरी जायला रिक्षा, यात दोघांचेही पोट भरते. लीद गोळा करून खत करण्याची सोय झाली तर धूळ आणि दुर्गंधी दोन्ही कमी होतील. यातल्या एकाही गोष्टीला सर्वोच्च न्यायालयाची परवानगी लागत नाही.

डिसेंबर 2025 मध्ये राज्यातल्या नगरपरिषदांच्या रखडलेल्या निवडणुका अखेर झाल्या, त्यांत रायगड जिल्ह्यातल्या माथेरानचाही समावेश होता. नव्या सभागृहाने पहिल्या काही सभांतच दस्तुरी नाक्यासाठी एक ठराव करावा असे मला वाटते: वनखाते, रेल्वे, पोलीस, रिक्षाचालक, घोडेवाले आणि हमाल यांच्या प्रतिनिधींची दरमहा बैठक, तिचे इतिवृत्त नाक्यावर लावलेले, आणि तक्रार ऐकायला नगरपरिषदेचा एक माणूस दिवसभर तिथे बसलेला. प्रवासी कर त्याच नाक्यावर गोळा होतो. त्या माणसाचा पगार त्यातून सहज निघेल.